आईचा मजकूर

आई सकाळी गेली. दुपारी स्मशानातून आल्यावर अंघोळ करून आप्पा ओल्या केसांनीच माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "आक्का, तुझा लॅपटॉप काढ. मजकूर मी करतो."

लहानपणापासून घरात मला आक्काच म्हणतात, आईवडीलसुद्धा. मजकूर म्हणजे पेपरात द्यायची निधनाची बातमी. आमच्या बेळगावात पेपर हातात पडला की माणसं आधी ते पान उघडतात. कोण गेलं, रक्षाविसर्जन कधी, सगळं तिथंच कळतं. टिळकवाडीत आप्पांचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, अहवाल सगळं करायचे, पण कुणाचं माणूस गेलं की लोक डोळे पुसत यायचे ते आप्पांकडेच.

माझा नवरा हळूच म्हणाला, "मामा, मी मोबाईलवरून पाठवतो. पेपरवाले टाइप करून घेतील."

आप्पा भडकले. "अख्ख्या गावाचं मी केलं, आणि हिचं दुसऱ्यानं करायचं व्हय?"

आता आली का पंचाईत! दुकान कधीच बंद झालंय, तिथला कॉम्प्युटरही मेला. आप्पांचं मराठीचं सॉफ्टवेअर जुनं, नव्या लॅपटॉपवर ते चालत नाही. आप्पांची हुरहुर बघवेना म्हणून मी मागे माझ्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन बसवलं होतं, म्हणजे लॅपटॉपच्या पोटात त्यांचा जुना कॉम्प्युटर. "हे काय गं, माझ्या दुकानाचं भूत?" म्हणून हसले होते, आणि परत काही त्याच्याकडे फिरकले नव्हते. आई मात्र कौतुकानं बघत बसली होती.

ते उघडलं आणि माझा जीव कासावीस झाला. संध्याकाळच्या आत मजकूर पेपरात पोचायला हवा, नाहीतर परवा सकाळी रक्षाविसर्जनाला माणसं यायची कशी? आणि मराठी सुरू करायचं स्क्रोल लॉकचं बटण माझ्या लॅपटॉपला नाहीच. ठळक अक्षरासाठी आप्पा उजवा कंट्रोल दाबायचे. त्या मशीननं नेमकं तेच बटण बाहेर पडायला ठेवलेलं. आप्पांनी कंट्रोल दाबला की कीबोर्ड सुटायचा आणि पुढची अक्षरं इंग्रजीत माझ्या ऑफिसच्या चॅटमध्ये. तिथं कुणीतरी विचारलं, हे काय लिहिलंय? काय सांगणार, कपाळ माझं!

बाहेर ओसरीवर बायका रडत होत्या, आत मी सेटिंगं खणत होते. खरं सांगते, रडण्यापेक्षा ते बरं वाटत होतं. बाहेर पडायचं बटण बदललं, स्क्रोल लॉक एफ-बारावर आणून बसवलं. आप्पा शेजारी बसून होते. दुकानात कुणी पोरगा कीबोर्डला दोष द्यायला लागला की आप्पा म्हणायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं." आज त्यांनी ते म्हणावं असं मला फार वाटत होतं.

"बघा आता, आप्पा."

त्यांनी एफ-बारा दाबलं. बोटं ठेवली आणि काय सांगू, झरझर चालायला लागली! डोळे मिटून टाइप करत होते. आईचं नाव आलं, ठळक झालं. वय आलं. अल्पशा आजाराने निधन झाले, आलं. त्यांच्या पश्चात, आलं. आणि बोटं थांबली.

"हे बटण चालंना बघ," आप्पा म्हणाले.

"कुठलं?"

"प."

मी पडद्याकडे बघितलं. 'पश्चात'मधला प नुकताच उमटला होता. बटणाला काहीही झालं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरात आप्पांनी ते वाक्य घातलं होतं: त्यांच्या पश्चात पती, मुलगी, जावई, नातवंडे असा परिवार आहे.

नाचता येईना, असं काही माझ्या तोंडून निघालं नाही.

"द्या, मी करते," मी म्हणाले. पण मी करणार कशी? मी मोबाईलवर इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहिणारी. आप्पांची अक्षरं टाइपरायटरच्या जागांवर. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. "प कुठं आहे, आप्पा?"

त्यांनी माझं बोट धरलं आणि एका बटणावर टेकवलं. प उमटला. मग दुसऱ्यावर नेलं. त उमटला. आप्पांचा हात गार पडला होता, केस अजून ओलेच होते. पडद्यावर नुसतं 'पत' दिसत होतं.

"सोड आता," ते म्हणाले. "वेलांटी ऱ्हायलीया."

बोट त्यांनीच धरून ठेवलं होतं.