तोंड उघडून दाखवा

“आजोबा, तोंड उघडा.”

मुख्याध्यापिका मॅडम असं म्हणाल्या तेव्हा शाळेच्या ऑफिसात आम्ही सहा जण होतो. मॅडम खुर्चीवर. शिपाईण दारात. बोनाफाईड दाखला न्यायला आलेल्या दोन पोरांच्या आया, त्याही खुर्चीवर. मी उभा. आणि माझं बोट धरून माझी नात, सात वर्षांची श्रावस्ती.

मला वाटलं, पोरीला म्हणतात. मी म्हटलं, “उघड वं श्रावू, दाखव मॅडमले.”

“तिचं पाहिलं मी. छाले आहेत, फोड. तुमचं उघडा.”

मी उघडलं.

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. काहून उघडू, हे मी विचारलं नाही. अडुसष्ट वर्षांचा माणूस. चाळीस वर्षं वाडीच्या गोदामांत पाठीवर पोती वाहिली. आपण कोणाच्या बापाचं ऐकत नाही, असं टपरीवर सांगत फिरणारा. त्या ऑफिसात एका बाईने सांगितलं आणि मी तोंड उघडलं.

“पूर्ण उघडा.”

पूर्ण उघडत नाही माझं तोंड. आमच्या हमालीत सगळेच खर्रा खातात. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि गालात दाबायचा. त्याने गाल आतून आखडतात. दोन बोटं जातील एवढंच उघडतं. मॅडमला वाटलं मी लपवतो. त्यांनी मोबाईलचा लाईट लावला आणि बसल्या जागेवरून माझ्या तोंडात मारला. बाजारात बैलाचे दात पाहतात तसं. बैलाला निदान पाठीवर एक थाप मिळते.

“बघा,” मॅडम त्या दोन आयांना म्हणाल्या. “घरातच खर्रा आहे. मग मुलांच्या तोंडाचं काय होणार?”

एक बाई हसली. दुसरीने ओढणी नाकाला लावली.

“मी खातो मॅडम,” मी म्हटलं. “पोरीले कधी चिमूट नाही देल्ली.”

“सगळे असंच म्हणतात. कुठे राहता? वाडी ना? गोदामांच्या मागे?”

जात विचारली नाही. आता विचारत नाहीत. पत्ता विचारतात. पत्ता कळला की जात, कमाई, अंघोळ, सगळं त्यांना आपोआप कळतं.

“डॉक्टरचं लिहून आणा. तोवर हिला वर्गात बसवता येणार नाही. पालकांच्या तक्रारी आहेत. आरटीईच्या मुलांसाठी आम्ही करतो तेवढं करतो. पण इन्फेक्शन चालणार नाही.”

आरटीई म्हणजे कायद्याची जागा. मोठ्या शाळांत गरिबांच्या पोरांना मिळते, बिनफीची. श्रावूची चिठ्ठी लागली तेव्हा माझ्या बुढीने, म्हणजे बायकोने, आख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते.

गेटपर्यंत शिपाईण मागे आली. इकडे तिकडे पाहून म्हणाली, “चार दिवसांपासून वऱ्हांड्यात बसवून राहिले तिले, बाबा. डबा बी तिथंच. मले सांगावं वाटे. पण नोकरी हाय ना.”

चार दिवस. पोरगी घरी येऊन एक शब्द बोलली नव्हती.

मी विचारलं, “काहून नाही सांगितलं वं?”

ती रस्त्याकडे पाहत राहिली.

घरात आम्ही दोघंच. माझी लेक पुण्याला एका म्हातारीला सांभाळते, तिथेच राहते. नवरा सोडून गेलेला. पोरगी आमच्याकडे ठेवली, म्हणजे बुढीकडे ठेवली. मी नावाला होतो. वेणी बुढी घालायची, डबा बुढी करायची, अभ्यासाला बुढी घेऊन बसायची. तिला वाचता येत नव्हतं तरी. मागच्या उन्हाळ्यात सकाळी भाकर थापता थापता छातीवर हात ठेवला आणि गेली. तव्यावरची भाकर मी काढली. जळाली होती.

त्यानंतर पोरीचं तोंड यायला लागलं. ओठाच्या आत एक पांढरा फोड, कडेने लाल. आठ दिवसांत जायचा. महिन्याने पुन्हा दोन. मी म्हणायचो, पोटात गरमी झाली. माणसाला काही समजत नसलं की तो गरमी म्हणतो.

मला भात येतो, चहा येतो. बस. सकाळी हाटेलातले झणझणीत तर्री-पोहे. डब्यात टोस्ट. रात्री भातावर तेल-तिखट. पोरगी अर्धं खायची, अर्धं सारायची. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटायचं, आजीची आठवण आली. मलाही आलेली असायची. दोघं खाली मान घालून बसायचो आणि मी तिच्या ताटात अजून तिखट टाकायचो. चव यावी म्हणून.

त्या दिवशी शाळेतून आलो तर शेजारची बाई दारातच.

“तोंड आलं काय भाऊ तिचं? सुहागा लावा, शहदात कालवून. हलक्या हातानं नका लावू. रगडून लावा, तवाच लागते.”

सुहागा म्हणजे टाकणखार, शहद म्हणजे मध. तिनेच वाटीत आणून दिला.

मी पोरीला समोर बसवलं. “उघड.” तिने नाही म्हणून मान हलवली. “उघड म्हणतो ना!” तिने दात आवळले. मग मी डाव्या हाताने तिचा जबडा धरला. दोन्ही गाल दाबले की तोंड उघडतंच, ढोरांचंही उघडतं. उजव्या हाताचं बोट आत घातलं आणि रगडलं. ऑफिसातला सगळा राग त्या बोटात होता. ती ओरडली. बोटाला रक्त लागलं. तरी मी दुसऱ्या फोडावर रगडलं, कारण रगडून लावा म्हटलं होतं.

त्यानंतर पोरीने तोंड मिटलं.

दोन दिवस. खाणं नाही, बोलणं नाही. पाणी तेवढं ओठाच्या कोपऱ्यातून घ्यायची. मी जवळ गेलो की हात तोंडावर. संध्याकाळी लेकीचा फोन आला.

“बाबा, श्रावू बोलून काहून नाही राहिली माह्यासंगं? द्या ना तिले.”

“झोपली,” मी म्हटलं.

ती माझ्या समोर भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडे पाहत होती.

त्या खोलीत तेव्हा जेवढा एकटा होतो तेवढा बुढीला पोचवून आलो त्या दिवशीही नव्हतो. त्या दिवशी निदान पोरगी मांडीवर येऊन बसली होती.

तिसऱ्या दिवशी तिला सरकारी दवाखान्यात नेलं, दातांच्या विभागात. लाईन लावली. दुपारी नंबर आला. डॉक्टरीण म्हणजे पोरगीच, माझ्या लेकीपेक्षा लहान. तिने स्टूल ओढलं आणि श्रावूच्या उंचीला येऊन बसली.

“तू म्हणशील तेव्हाच बघते. दुखलं तर हात वर कर, मी थांबेन. चालेल?”

श्रावू माझ्याकडे बघायला लागली. डॉक्टरणीने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“आजोबा, तुम्ही जरा मागे सरका.”

हे ऑफिसातल्यापेक्षा जास्त लागलं. मी भिंतीशी जाऊन उभा राहिलो. आणि तिथून पाहिलं. पोरीने तोंड उघडलं. मोठं. परक्या बाईसाठी.

एकदा हात वर केला. डॉक्टरीण खरंच थांबली.

“हे रगडलंय कोणी? काय लावलं होतं?”

“सुहागा. मी लावला,” मी भिंतीपासून म्हटलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “पुन्हा नका लावू. लहान मुलांच्या पोटात गेला तर त्रास होतो. फोड आधीच सोललेली कातडी असते, रगडलं की वाढतो.”

“कशानं होते हे, मॅडम? खर्ऱ्यानं होते? मी खातो म्हणून?”

“तुम्ही खाता म्हणून तिच्या तोंडात फोड येत नाहीत. त्याचं एकच कारण नाही सांगता येत. दुधाच्या दाढेचा तुकडा पडलाय, ती धार गालाला घासते. पापण्या आतून फिक्या आहेत, रक्त कमी असेल, तपासून घेऊ. जेवण नीट नसलं, मनाला काही लागलं, तरी पुन्हा पुन्हा येतात. घरात काही झालंय का?”

“आजी मेली,” श्रावू म्हणाली.

दोन दिवसांतला पहिला शब्द.

डॉक्टरणीने दाढेची धार घासून दिली. लावायला मलम दिलं, दुखणं कमी व्हायचं. कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या, दिवसातून तीन-चार वेळा, थुंकता येतं तिला म्हणून. दहीभात, खिचडी, केळं. तिखट बंद, संत्री काही दिवस बंद. मऊ ब्रश. पाणी भरपूर. रक्ताचा रिपोर्ट आला की औषध. दोन आठवड्यांत भरले नाहीत, ताप आला किंवा पाणी पिणं थांबलं, तर वाट पाहू नका, घेऊन या.

मी शाळेचं सांगितलं. तिने कागदावर लिहून दिलं की हे फोड एकाचे दुसऱ्याला होत नाहीत, मुलीला वर्गात बसू द्यावं. “हातापायांवर पुरळ असतं, ताप असता, तर मीच घरी ठेवा म्हटलं असतं. तो आजार पसरतो. हे ते नाही.”

निघताना म्हणाली, “आजोबा, तुमचं तोंडही एकदा दाखवून जा. कमी उघडतं ना? जबरदस्ती नाही.”

जबरदस्ती नाही. हा शब्द घेऊन मी बसमध्ये बसलो.

मॅडमने माझं तोंड उघडायला लावलं. मी त्यांना काही बोलू शकलो नाही. मग घरी येऊन माझ्याहून लहान होतं ते धरलं. शेठचं ऐकून घ्यायचं आणि घरी येऊन भांडी फेकायची, हे मी चाळीस वर्षं केलं. बुढीवर किती वेळा धावून गेलो असेन? विचारायला ती नाही. माझ्या बापाने धम्मदीक्षा घेतली तेव्हा गावच्या पाटलासमोर ताठ उभा राहिला, असं मी पोरीला मोठ्या तोंडाने सांगतो. तो घरात कसा होता ते कधी सांगितलं नाही. जे वरून येतं ते आपण खाली ढकलतो. कोणी सांगितलंय ढकलायला?

घरी मिठाचं पाणी केलं. बोट बुडवून पाहिलं, गरम तर नाही. वाटी तिच्यासमोर ठेवली आणि मागे सरकलो.

“घेतं का वं?”

बऱ्याच वेळाने तिने घेतली. मी सॉरी म्हटलं. आमच्यात असं म्हणत नाहीत. ती गुळणी करत राहिली. बोलायलाच पाहिजे असं काही नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. फोड होतेच अजून. मॅडमनी कागद वाचला, उलटा करून मागूनही पाहिला.

“ठीक आहे. पण मला एकदा बघावं लागेल. बाकीच्या पालकांना काय सांगू मी? ये बेटा. उघड.”

आणि मोबाईल उचलला.

श्रावूचा हात तोंडावर गेला. मी मध्ये उभा राहिलो.

“नाही.”

“काय नाही?”

“तोंड डॉक्टरनं पाह्यलं. कागद तुमच्या हातात हाय. तुमाले नाही दाखवत. माहं बी नाही. त्या दिवशी दाखवलं, ते चुकलं माहं.”

“आवाज खाली करा.”

“खालीच हाय मॅडम. हमालाचा आवाज तुमी अजून आइकला नाही.”

दारातली शिपाईण तोंड फिरवून खोकली. हसली असावी.

“हे बघा आजोबा, आरटीईची सीट आहे. मुलीचं नुकसान होईल. उगाच वाद कशाला?”

भ्यालो होतो मी. हेही लिहितो. सीट गेली तर लेकीला काय सांगू, हेच डोक्यात होतं. पण मागून पोरीने माझा सदरा धरला होता आणि ती पाहत होती, मी काय करतो ते.

“सीट तुमच्या घरची नाही, कायद्याची हाय. वर्गात घेत नाही, असं लिहून द्या. सही-शिक्क्यानं. मी तो कागद घेऊन कुठं जायचं तिथं जातो.”

“असं लिहून देता येत नाही.”

“मंग बसवा वर्गात.”

मी खुर्ची ओढली आणि बसलो. कोणी बसा म्हटलं नव्हतं. घड्याळ वाजत होतं. प्रार्थना झाली. मॅडमनी दोन फोन केले, माझ्याकडे न पाहता. मी उठलो नाही. शेवटी शिपाईणीला म्हणाल्या, “जा, ने हिला वर्गात.”

माफी नाही. श्रावू गेली, मागे वळून पाहिलं नाही तिने.

आता पंधरा दिवस झाले. फोड भरले. रक्त कमी निघालं, औषध चालू आहे. मी पालक शिजवायला शिकलो, बुढीसारखा होत नाही. दवाखान्यात माझंही तोंड दाखवून आलो. स्वतःच्या पायांनी गेलो. खर्रा सोडतो आहे, रोज सोडतो.

पण पोरगी वर्गात एका बाकावर एकटी बसते. बाकीच्या पोरींना घरून सांगितलेलं आहे. डबा खाताना तोंडावर हात आडवा धरते.

शनिवारी पालकांची सभा आहे. दरवेळी मी मागच्या भिंतीशी बसून सही करून येतो. या वेळी पुढे बसणार. त्या दोघी आया तिथे असतील, बाकीचेही असतील. शिपाईणीचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. पण चार दिवस माझी नात वऱ्हांड्यात कोणी बसवली आणि कोणत्या डॉक्टरला विचारून बसवली, हे मी सगळ्यांसमोर विचारणार आहे. हात जोडणार नाही. शिवीही देणार नाही. प्रश्न कागदावर लिहून घेतला आहे, मोठ्या अक्षरांत, वाचताना अडखळू नये म्हणून.

उत्तर लेखी घेईन. तोवर उठणार नाही.