गार खोली

घरी अळंबी कशी लावतात ते बघायला मी विट्याच्या एका निवृत्त सुभेदारांकडे गेलो होतो. अंगणात खणखणीत बोलणारे सुभेदार खोलीत शिरताच कुजबुजू लागले. भुश्शाच्या टांगलेल्या पिशव्यांतून पांढरी अळंबी फुटली होती. कोपऱ्यात कूलर घरघरत होता.

"खोली पोराची. सोनं गाळायच्या दुकानात हाय, मदुराईला. दर उन्हाळ्याला कूलर मागायचा. मी म्हनायचो, बॉर्डरवर कूलर होता व्हय?"

"मग अळंबीला कसा घेतलात?"

"हिला गरमी चालत न्हाई."

ते पिशव्यांवर पाणी फवारत राहिले.

"मुलगा आला तर झोपेल कुठं?"

सुभेदारांनी खाटेकडं पाहिलं. तिच्यावर धुतलेली चादर होती, आणि वर एकही पिशवी टांगलेली नव्हती.

"हितंच की. खोली गारच ठेवलीया."