डिंकाचं पोट

एकनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या प्रयोगशाळेत द्रवाचा घट्टपणा मोजायचं यंत्र पुसत होतो. हात थांबला नाही, हे लिहायला लाज वाटते. मनात पहिलं आलं ते दुःखही नव्हतं. आता तरी कुणी माझी त्याच्याशी तुलना करणार नाही, असं आलं... महिना झाला, ते वाक्य पाठ सोडत नाही.

आम्ही दोघंही झाडांच्या डिंकावर काम करायचो. डिंकाचं पाणी ढवळलं की पातळ होतं, थांबलं की पुन्हा घट्ट. ते किती, हे मोजायचं. मी पाचोऱ्याचा, पुस्तकं वाचून आलेला. तो पिंपळनेरकडचा, त्याची आई जंगलातून धावड्याचा डिंक गोळा करायची. एकनाथ लाकडी रवीने दोन वेढे द्यायचा, थेंब बोटांत ताणून बघायचा आणि आकडा सांगायचा. यंत्रही जवळपास तोच आकडा दाखवायचं. प्रयोगशाळेतले आमचे सर कौतुकाने हसायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नाचता येईना अंगण वाकडं, तसा मी यंत्रालाही दोष देऊन पाहिला.

धुळ्याच्या एका चर्चासत्रात मला संधी मिळाली. एकाच डिंकाचा त्याने सांगितलेला घट्टपणा माझ्या मापापेक्षा बराच जास्त होता. मी भर सभेत म्हणालो, "बोट म्हणजे काही यंत्र नाही." लोक हसले. एकनाथ हळूच एवढंच म्हणाला, "भाऊ, डिंकले पानी पिऊ दे. त्यानं पोट अजून भरनं नही."

जळगावला परतलो तर बाटलीत तेच द्रावण उरलं होतं. मोजलं. आकडा त्याचा निघाला... मी भुकटी पाण्यात टाकून लगेच मोजलं होतं, भिजूच दिलं नव्हतं. त्याच्या आईने अशी चूक कधी केली नसती. हे मी त्याला सांगितलं नाही. त्यानेही माझ्यासमोर पुन्हा कधी बोटाने आकडा सांगितला नाही.

परवा एकनाथच्या बायकोने, मंदावहिनींनी, त्याची रवी माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "ते म्हनेत, भाऊ आते डिंक भिजाडीसनच मोजतस."

म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. कळूनही तो गप्प राहिला, आणि आता मला त्याच्या गप्प राहण्याचाही हेवा वाटतो.

आज सकाळी धावड्याचा डिंक भिजत घातलाय. उद्या रवीने दोन वेढे देईन, थेंब बोटांत ताणून बघेन. यंत्र खरा आकडा सांगेलच... पण मला तो एकनाथला विचारायचा होता.