ॲव्हरेज वाढलंच कसं?

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. टेबलावर धूळ बसते तसे ते आपोआप बसतात, आणि आज पुसले तरी उद्या नवे! पिरंगुटला तात्यांच्या ऑफिसात मी हिशेब बघते, त्यामुळे माझ्या टेबलावर दोन्ही भरपूर.

तात्या मूळचे इथल्याच माण गावचे. शेत आयटी पार्कात गेलं, त्या पैशांतून लांब पल्ल्याचे ट्रेलर आले. उरलेल्या जागेवर खोल्या बांधून भाड्याने दिल्या. भाडेकरू गिझर किती वेळ लावतो यावर तात्यांचं जेवढं लक्ष, त्याच्या दुप्पट ड्रायव्हर डिझेल किती जाळतो यावर.

त्यांचा सिद्धांत एकच. "ताई, डिझेल जळत न्हाई. इकलं जातंय!"

*

गाडी यार्डात आली की तात्या आधी ड्रायव्हरचे हात हुंगायचे. एकदा आमच्या संपतचे हात धरले आणि ओरडले, "डिझेलचा वास येतुया!"

संपत म्हणाला, "मालक, ट्रेलर चालवतुया. अत्तराचा येनार व्हय?"

*

मग टाकीत सेन्सर बसवले. टाकीतली पातळी एकदम उतरली की तात्यांचा मोबाइल बोंबलायचा. पहिल्याच दिवशी संपतची गाडी खंबाटकीच्या घाटात चढाला लागली, टाकी तिरकी झाली आणि मोबाइल वाजला. तात्यांनी संपतला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"डिझेल कुटं गेलं रं?"

"कुटं न्हाई मालक, चढ हाय. टाकीतच मागं गेलं."

"मग पुढं आन की!"

*

गाडी बनवणाऱ्या कंपनीने ॲव्हरेज वाढवण्याचं ट्रेनिंग ठेवलं. शिकवायला आलेला साहेब भला माणूस. एकसारख्या वेगात चालवा, टायरची हवा बघा, ताडपत्री फडफडू देऊ नका, गाडी उभी असली की इंजिन बंद करा, असं सगळं नीट समजावून सांगितलं. ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या, वडापाव खाल्ले.

साहेबांची गाडी गेटबाहेर पडेपर्यंत तात्या हात जोडून उभे होते. मग माझ्याकडे वळले. "आपलं डिझेल वाचवून ह्याला काय मिळतंय?"

*

ट्रेनिंग मनावर घेतलं ते एकट्या रामलखनने. कारखान्याच्या गेटवर लोडिंगच्या रांगेत त्याने इंजिन बंद केलं. बॅटरी जुनी, ते पुन्हा सुरूच होईना! मागे रांगभर हॉर्न, पुढे वॉचमनच्या शिव्या. शेवटी दुसऱ्या ट्रेलरने ओढून गाडी सुरू केली.

संध्याकाळी त्याने तात्यांना रिपोर्ट दिला, "सेठ, अपना डीज़ल बच गया. दूसरे सेठ का लगा."

तात्या त्या दिवशी पहिल्यांदाच कुणावर तरी खूश झाले.

*

संशय हा संसर्गजन्य रोग आहे. मीही घरी आमच्या स्कूटरचा हिशेब मांडला. लिटरमागे चांगलीच घट! नवरा आयटीत, ऑफिस घरापासून हाकेवर. मग पेट्रोल जातं कुठे?

मी सरळ विचारलं, "हल्ली ॲव्हरेज का पडत नाही?"

तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "मागे तू बसतेस."

*

आता दगडूमामांची गोष्ट. ही सांगताना मला अजून तात्यांचा राग येतो, आणि हसूही येतं.

मामा मुठा गावचे, साठीला टेकलेले, चेन्नईच्या फेरीवर. गेल्या वर्षी त्यांच्या गाडीचं ॲव्हरेज लिटरमागे अर्ध्या किलोमीटरने वाढलं. वाढलं ते वाढलं, आणि तिथेच टिकलं. दुसऱ्या मालकाने पेढे वाटले असते. तात्यांनी ऑफिसचं दार लावून घेतलं.

"ताई, कमी पडलं तर चोरी किती ते तरी कळतंय. हितं वाढलंय! म्हंजी केवढी मोठी आसंल?"

"अहो, पण डिझेल वाचतंय ना?"

"वाचत न्हाई, कुटलं तरी चोरीचं डिझेल ह्यो टाकतुया आपल्या टाकीत. उद्या पोलीस माझ्या दारात!"

मामांना बोलावलं. मामा जमिनीकडे बघत म्हणाले, "चालवतुया तशी चालवतुया, मालक."

"मग पुढच्या फेरीला म्या येतुया गाडीत."

मामांचा चेहरा असा उतरला की मलाही वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. क्लीनर आयटी पार्कात सिक्युरिटीला लागल्यापासून मामांच्या शेजारची सीट रिकामीच होती. तात्या उशी घेऊन तिथे बसले.

परत आले, टाकी फुल्ल केली, हिशेब काढला. ॲव्हरेज अख्ख्या यार्डात सगळ्यात कमी!

"बघा!" तात्यांनी टेबलावर हात आपटला. "म्या बसलो आन् धंदा बंद! आता तरी खरं सांग दगडू, न्हाईतर चावी ठेव."

मामांनी चावी ठेवली. जाताना मला एवढंच म्हणाले, "ह्या वयात दुसरीकडं कोन ठिवंल, ताई?"

मला त्या दिवशी डबा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांची बायको, पारूमामी, ऑफिसात आल्या. हातात पिशवी, पिशवीत छोटा गॅस आणि पोळपाट-लाटणं. तात्यांच्या समोर उभ्या राहून म्हणाल्या, "तात्या, चोर म्या हाय."

तात्या खुर्चीतून उठलेच.

"पोरं गेली पुण्याला. रिकाम्या घरात एकटी बसून काय करू? क्लीनर गेल्यापासनं म्याच बसतीय ह्यांच्या शेजारी. तुमी केबिनीत पाटी लावलीया, ड्रायव्हर-क्लीनरशिवाय कुनी बसायचं न्हाई. म्हनून हे बोलंनात."

"आगं पर ॲव्हरेजचं काय?"

"ह्यांचा पाय जरा दाबला की म्या कोकलते. गाडी उभी राहिली की इंजिन बंद, त्या आवाजानं माझं डोकं धरतंय. जेवान म्या करते, धाब्यासाठी वाट वाकडी न्हाई. आता तुमी सांगा, तुमी गेलतात तवा काय केलंत?"

"म्या काय करनार? एसी लावून झोपलो. जेवायला उतरलो तरी एसी चालूच ठिवला, केबिन तापती. आन् येताना घरची वढ लागली, म्हनलं दगडू, दाब जरा..."

बोलता बोलता तात्या थांबले. दारात उभे असलेले ड्रायव्हर एकदम छताकडे बघायला लागले.

पण ऐकतील ते तात्या कसले! "खरं कशावरनं? पुढच्या फेरीला तू उघड जा. टाकीला माझं कुलूप राहील."

मामी चढल्या. टाकीला कुलूप, चावी तात्यांच्या कमरेला. वाटेत डिझेल लागलं की पंपावर दुसरी चावी घेऊन तात्यांचा मेव्हणा हजर! गाडी चेन्नईहून परत आली तेव्हा तात्या स्वतः पंपावर नळीशेजारी उभे राहिले. मामा खाली घाम पुसत होते. मामी केबिनमधून उतरायलाच तयार नव्हत्या.

मी हिशेब केला. तात्यांनी तो माझ्याकडून पुन्हा करून घेतला. अर्धा किलोमीटर जागच्या जागी!

तात्यांनी गाडीची चावी मामांना कायमची परत दिली. स्वतः केबिनमध्ये चढले आणि पाटी उचकटून खाली आले. मग यार्डात उभ्या असलेल्या प्रत्येक ट्रेलरभोवती एकेक फेरी मारली. शेवटी ऑफिसात येऊन त्यांनी दार लावून घेतलं, कडी घातली आणि आवाज एकदम खाली आणला.

"ताई, आपल्या ड्रायव्हरांच्यात लग्नाचं कोन कोन राहिलंय?"