ग्लॅडिसबाईंचं बोट

कॅनडातल्या थंडर बे शहराच्या वाचनालयात दर शनिवारी निवृत्त वायरमन ऑर्विल लोकांच्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी, फुकट मिळणारी प्रणाली बसवून देई. शेवटचं बटण मात्र मालकालाच दाबायला लावी, कारण एकदा घाईत त्याने बहिणीच्या लॅपटॉपवरचं सगळं पुसून टाकलं होतं.

या शनिवारी लॅपटॉप घेऊन आलेल्या ग्लॅडिसबाईंचा भरतकामाचा प्रोग्रॅम फक्त जुन्या विंडोजवर चाले आणि आता तो कुठे मिळत नव्हता.

"तुम्हीच दाबा ना, मला यातलं काही कळत नाही."

"नाही, तुम्हीच. पण आधी पडद्यावर आपोआप निवडलेली ओळ मोठ्याने वाचा."

"सगळं पुसून..." बाईंनी बोट मागे घेतलं. "अहो, हे काय दाबायला लावत होतात?"

"म्हणूनच वाचायला लावलं, बाई."

त्यांनी खालची ओळ निवडली, 'विंडोज ठेवून शेजारी बसवा'. तासाभराने पडद्यावर विंडोज आणि लिनक्स अशी दोन्ही नावं आली. बाईंनी आधी जुनं विंडोज उघडून प्रोग्रॅम चालवून पाहिला, तेव्हा कुठे ऑर्विलने देवाचे आभार मानले.