हात उचलायचा नाही

मालिशवाल्या मावशी कुठल्याही घरात शिरल्या की आधी हात धुवायच्या. साबण लावून, कोपरापर्यंत. मग नखं उजेडाकडे धरून तपासायची. मग तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवायची. या सगळ्याला सात मिनिटं लागत, आणि तोवर बाळाला बोटही लावायचं नाही. कुणी घाई केलीच तर म्हणायच्या, "घाई असेल तर गाडी धुवायला द्या. हे माणूस आहे."

आधी आठ वर्षं त्यांनी विटा वाहिल्या होत्या. गुडघे बोलायला लागले तेव्हा ते काम सुटलं, पण तळव्याचे घट्टे राहिले. नंतरच्या बारा वर्षांत त्याच तळव्यांखालून दोनशेवर बाळं गेली. जोर किती द्यायचा याचं त्यांचं माप सरळ होतं. आपल्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं, की जोर जास्त झाला.

तिसऱ्या मजल्यावरच्या घरात अडीच महिन्यांचे 'साहेब' होते. मुठी आवळून, कपाळाला आठ्या घालून पोरगा दिवसभर तक्रारी करायचा, म्हणून हे नाव. मावशींच्या हाताखाली मात्र साहेब लोण्याहून मऊ. त्याची आई लॉन्ड्रीत इस्त्रीला होती आणि सोमवारपासून तिला कामावर परत जायचं होतं. दिवसभर साहेब आजीकडे राहणार, पण सकाळची मालिश आपल्याच हातानं करायची, एवढा एक हट्ट तिनं धरला होता. आणि तिनं हात लावला, की साहेब घर डोक्यावर घेत.

बुधवारी तसंच झालं. गुरुवारीही. शुक्रवारी तिनं वाटी बाजूला सरकवली.

"माझे हातच खरखरीत आहेत, मावशी."

मावशींनी आपला तळवा तिच्या गालाला लावला. "हे काय मखमलीचं आहे?"

"मग तो तुम्हालाच आई समजतोय."

"अगं बाई!" आतून सासूबाई म्हणाल्या. "मग दूधही मावशींनाच पाजायला सांगू का?"

ती हसली, पण डोळे भरलेच. मावशींनी ते पाहिलं आणि वाटी आपल्याकडे ओढली. रडणाऱ्या माणसाला उपदेश करून त्याचा काही फायदा झालेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

शनिवारी त्या जरा लवकर पोचल्या. ती नवऱ्याचे शर्ट इस्त्री करत होती. "बसा मावशी, एवढी बाही उरकते." मावशी बसल्या नाहीत. उभ्या उभ्या बघत राहिल्या. इस्त्री टेकली, सरकली, उचलली. टेकली, सरकली, उचलली. हात एक क्षणही एका जागी नाही. काम चोख होतं. मावशींना चोख काम ओळखू यायचं, मग ते कुणाचंही असो.

"इस्त्री तिथंच टेकवून ठेवलीस तर?"

"डाग पडेल ना!"

"किती वर्षं झाली या कामाला?"

"नऊ."

"मग पोरालाही तशीच चोळतेस. टेकला हात की उचलला, टेकला की उचलला. त्याला वाटतं, ही आली, ही गेली. दचकतो बिचारा. कापड जळतं गं, पोरगं जळत नाही."

तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि आपल्या हातांकडे पाहिलं.

हात धुऊन झाले, वाटी गरम झाली. "आता एक हात अंगावर ठेव आणि दुसऱ्यानं काम कर," मावशी म्हणाल्या. "बदलायचे असतील तर दुसरा टेकल्याशिवाय पहिला काढायचा नाही. एवढंच."

मग मावशी स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसल्या. आठ वर्षं विटा वाहिल्या, पण हे त्याहून जड होतं. साहेबांनी ओठ काढला, मुठी आवळल्या. मावशींची बोटं मांडीखाली वळवळली.

"रडतोय..."

"नुसता ओठ काढलाय. हात काढू नको."

डावा तळवा छातीवर राहिला. उजवा पोटरीवरून घोट्यापर्यंत गेला, परत आला. कपाळ घामेजलं होतं ते आईचं. चौथ्या फेरीला एक मूठ उघडली. मग दुसरी. साहेबांनी आईच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं, एक मोठी जांभई दिली आणि तिच्या मांडीवर सावकाश, निवांतपणे धार सोडली.

"झाली सही साहेबांची!" मावशी म्हणाल्या.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "घ्या! आता मावशी, जरा टोपडं घाला त्याला."

मावशींनी त्याला टॉवेलात गुंडाळून उचललं आणि साहेबांनी असा टाहो फोडला, की शेजारचं दार उघडलं. आईनं घेतलं, तर गप्प.

"अरे लबाडा," मावशी म्हणाल्या. "दोन महिने चोळलं तुला!" बोलणं थट्टेचंच होतं, पण पिशवी भरताना त्यांनी वाटी दोनदा पुसली.

"सोमवारी याल ना मावशी? नुसतं बघायला?"

"बघायला कशाला? मला खालच्या गल्लीत जुळी आहेत."

रोज या घरातून निघताना दाराची कडी तेलकट बोटांतून निसटायची, म्हणून त्या ती कोपरानं सरकवायच्या. आजही सवयीनं कोपर वर गेलं. मग हात कोरडे असल्याचं त्यांच्या लक्षात आलं, आणि कडी त्यांनी सरळ बोटांनी काढली.