जिज्ञासा आणि आपुलकी यांची नोंदवही

दिनांक ४ जुलै १९३६, शनिवार. रक्कम रुपये साडेसात. हजर चौघे: अध्यक्ष, म्हणजे वकिली सोडून सहा वर्षे झालेले एक गृहस्थ, गंगापूरच्या रस्त्याला भाजीचा आणि फुलांचा मळा असलेले एक सभासद, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि चिटणीस म्हणून मी. माझी नोकरी कचेरीत हिशेबाच्या टेबलावर. शाळेच्या मंडळावर मला घेतले ते शिक्षणाची आवड पाहून नव्हे. माझी बेरीज चुकत नाही, एवढ्यासाठीच.

सभेला कारण असे झाले की आदल्या आठवड्यात शिक्षणखात्याचे एक अधिकारी पुण्याहून येऊन आमच्या शाळेत चाळीस मिनिटे बोलून गेले. वर्ग हा एक परिवार व्हावा, मुलींना प्रश्न पडावेत, त्यांना एकमेकींची काळजी वाटावी, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ. ऐकायला बरे वाटले. आमच्या शाळेत तोवर प्रश्न फक्त बाईंनी विचारायचे अशी पद्धत होती, आणि उत्तर न आल्यास काळजी फक्त मुलीने करायची.

अध्यक्षांनी ते भाषण फार मनावर घेतले. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जो वर्ग सर्वांत जिज्ञासू आणि सर्वांत प्रेमळ होईल त्याला आपल्या पदरचे साडेसात रुपये बक्षीस, असे त्यांनी जाहीर केले. मळेवाल्यांनी विचारले की प्रेमळ झाला हे कळायचे कसे. त्यावर अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले, मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे पाहिले, आणि मला त्याचा अभिमान वाटला, हे आज कबूल करतो.

मी तीन आठवडे रोज संध्याकाळी बसून नोंदवह्या आखल्या. पहिल्या रकान्यात मुलीचे नाव, दुसऱ्यात जिज्ञासा, तिसऱ्यात आपुलकी, चौथ्यात बाईंची सही. एका प्रश्नाला एक गुण, एका उपकाराला दोन. उपकाराला दुप्पट का, असे कोणी विचारले नाही. विचारले असते तर मला सांगता आले नसते. पहिलीच्या मुलींना वगळले, कारण त्यांचे प्रश्न थांबवणे अवघड जाते आणि त्यामुळे स्पर्धा एकतर्फी झाली असती. दुसरी, तिसरी आणि चौथी या तीन वर्गांना ऑगस्टात वह्या वाटल्या.

जुलैच्या त्या सभेतच आणखी एक गोष्ट ठरली आणि ती अध्यक्षांनी जाता जाता, छत्री शोधत असताना सांगितली. तिसरीच्या बाई तात्पुरत्या नेमलेल्या होत्या. त्यांना कायम करायचे की दिवाळीला निरोप द्यायचा, हे मंडळाकडे होते. अध्यक्ष म्हणाले, आता आकडेच बोलतील, आपण कशाला वाईटपणा घ्यायचा. बाई विधवा, वय पंचविशीचे. कळवणला भावाच्या घरी अकरा माणसांचा स्वयंपाक करता करता त्यांनी परीक्षा दिली होती. नोकरी गेली तर परत त्याच चुलीपुढे बसायचे, एवढे त्यांच्यापुढे स्वच्छ होते. माझी मुलगी त्यांच्याच वर्गात, हेही नोंदवून ठेवतो.

आता वर्गांत काय घडले ते सांगतो.

दुसरीच्या बाई व्यवहारी होत्या. त्यांनी सोमवारी सकाळी फळ्यावर एक प्रश्न लिहावा आणि छत्तीस मुलींनी ओळीने उभे राहून तो विचारावा. आकाश निळे का. आकाश निळे का. छत्तीस वेळा. मंगळवारी पुन्हा तोच. शनिवारी कवायत असे म्हणून जिज्ञासा बंद. मी एकदा दाराशी उभा राहून ऐकले. प्रश्न सुरेख तालात चालले होते. मी बाईंना विचारले, उत्तर काय देता. त्यांनी वही उघडून दाखवली आणि अदबीने म्हणाल्या की आपण उत्तराचा रकाना ठेवलेला नाही.

चौथीने आपुलकीवर भर दिला, कारण दोन गुण. पण उपकार करायचा तर समोर कोणीतरी अडचणीत लागते, आणि चौथीच्या मुली बऱ्या धडधाकट होत्या. तेव्हा त्यांनी पाळ्या लावल्या. एकीने पडायचे, दुसरीने उचलायचे. एकीने दुसरीची पाटी लपवायची, तिसरीने शोधून द्यायची. पाट्या पाण्याच्या माठामागे, पोत्यांखाली, एकदा तर कौलांवर सापडल्या. जिची रडायची पाळी असे ती मधल्या सुट्टीआधीच डोळे चोळून तयार राही, आणि पुसणाऱ्या दोघी निघाल्या तर त्यांच्यात भांडण होई. अध्यक्ष एकदा शाळेत आले असता त्यांच्यासमोर चार मुली एकदम पडल्या आणि आठजणी उचलायला धावल्या. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मला सांगितले, चिटणीस, हे तुमच्या वहीचे काम आहे. त्यात खोटे काहीच नव्हते.

तिसरीची वही मात्र जवळजवळ कोरी. पहिल्या पंधरवड्यात जिज्ञासेखाली एकच नोंद: तांबट एवढे ठोकतो तरी भांडे फुटत का नाही. आपुलकीखाली रेघ. मी बाईंना समज द्यायला गेलो. अठ्ठावीस मुलींत पंधरा दिवसांत एक प्रश्न हे प्रमाण फार कमी आहे, असे मी त्यांना भागाकार करून दाखवले. बाई म्हणाल्या, प्रश्न एकीला पडला, पण तो संपायला तेवढे दिवस लागले. मुलींनी आधी घरी विचारले, अठरा घरांतून अठरा उत्तरे आली. मग सगळ्या मिळून तांबट आळीत गेल्या. त्याने दाखवले की ठोकून ठोकून तांबे कडक होते, म्हणून मधून मधून भट्टीत लाल करून मऊ करायचे आणि मग पुन्हा ठोकायचे; तसेच ठोकत राहिले तर तडकते. मी विचारले, हे कोणत्या रकान्यात घालायचे. त्या म्हणाल्या, तेच मला कळत नव्हते.

त्यांच्या वर्गात आणखी एक गैरशिस्त होती. मळ्याकडच्या मुली सकाळी बाजारात भाजी उतरवून येत, त्यामुळे रोज उशीर. बाकीच्या वर्गांत उशिरा येणारी दाराबाहेर उभी राही. या बाई तिला आत घेऊन विचारीत, येताना काय पाहिलेस. ती सांगे, आणि वर्ग ऐके. असेच एकदा कोणी सांगितले की घोड्याला चार नाल ठोकतात आणि बैलाला आठ. झाले, पुढचे बारा दिवस बैल. मी वहीत पाहिले: एक प्रश्न, एक गुण.

सप्टेंबरात माझी मुलगी तापाने आजारी पडली. सतरा दिवस अंथरुणावर होती. रोज शाळा सुटल्यावर तिच्या वर्गातल्या दोन मुली येत. एकीच्या पाटीवर त्या दिवशीचे गणित, दुसरीच्या पाटीवर काहीतरी चित्र. उंबऱ्याजवळ बसून सगळा दिवस तिला सांगून जात. तापात माझ्या मुलीने एकदा विचारले की जुडी पाण्यात ठेवली की कोथिंबीर ताठ होते, तर पाणी आत कुठून शिरते. दुसऱ्या दिवशी तो प्रश्न वर्गात गेला. चौथ्या दिवशी दोघी लाल शाईच्या पाण्यात ठेवलेली निशिगंधाची काडी घेऊन आल्या. फुलाच्या कडा तांबूस झाल्या होत्या. सुट्ट्यांचे दिवस वजा करून मी हिशेब केला, आणि जेवताना घरात सांगितले की आतापर्यंत अठ्ठावीस फेऱ्या झाल्या, प्रत्येकी दोन गुण, छप्पन्न गुण बुडाले.

बायको म्हणाली, "अहो, फेऱ्या मोजल्यात ते बरं केलंत. त्या पोरींच्या हातावर कधी शेंगदाणे ठेवावेत असं काही सुचलं का?"

मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो आणि बाईंना स्पष्ट विचारले की नोकरीचा प्रश्न असताना एवढी मोठी रक्कम त्यांनी वहीत का घातली नाही.

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. "लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी आपल्या दारात अठ्ठावीसजणी आल्या असत्या. आणि तिसऱ्या दिवसापासून कुणीच नाही."

मग म्हणाल्या, "नोकरी मला हवी आहे. कळवणला मी सुखानं परत जाणार नाही. पण त्यासाठी मुलींना पडायला शिकवणं मला जमायचं नाही."

मी घरी येऊन माझ्याच आखलेल्या वह्या पुढ्यात घेतल्या. आकडे बदलणे माझ्या हातून होणार नव्हते. ते मी आयुष्यात केलेले नाही. पण वही तपासणे हे माझे रोजचे काम, आणि ही वही मी तपासली नव्हती. आपली स्वतःची म्हणून. कचेरीत दुसऱ्या कोणी अशी चूक केली असती तर मी लाल शाईने शेरा मारला असता.

३१ ऑक्टोबर, शनिवार, दुसरी सभा. हजर तेच चौघे. मी बेरजा वाचल्या. दुसरी: प्रश्न एकोणीसशे ऐंशी. चौथी: उपकार एक हजार पन्नास, म्हणजे गुण एकवीसशे, त्यांपैकी पाटी शोधून दिली तीनशे चौऱ्यांशी, पडलेलीस उचलले चारशे बारा, पाणी देणे व डोळे पुसणे दोनशे चोपन्न. तिसरी: प्रश्न चार, उपकार शून्य.

अध्यक्ष म्हणाले की निकाल स्पष्ट आहे. बक्षीस चौथीला, आणि तिसरीच्या बाईंना दिवाळीबरोबर निरोप. मुख्याध्यापिका खाली पाहत होत्या. ठराव माझ्यापुढे लिहायला आला.

मी म्हणालो, लिहिण्याआधी ताळा करू द्या. वहीत फक्त जमेची बाजू आहे, नावे, म्हणजे खर्चाची, बाजू मी आखायला विसरलो. चौथीत बत्तीस मुली आहेत, बत्तीस पाट्या. तीनशे चौऱ्यांशी सापडल्या, म्हणजे प्रत्येक पाटी बारा वेळा हरवली. आपल्या शाळेत इतक्या चोऱ्या होत असतील तर फौजदारांना कळवायला हवे. शिवाय चारशे बारा मुली पडल्या. पंचावन्न दिवसांत रोज जवळजवळ साडेसात. जितक्या उचलल्या तितक्या पाडल्या, बाकी शून्य.

मळेवाल्यांची थोरली चौथीत. ते एकदम पुढे सरकले.

"आसं हाय व्हय? वकीलसाहेब, माझी पोर रोज गुडघे फोडून येती. घरात बाया म्हणल्या फेफरं हाय. मी पेठच्या डोंगरातून वैदू आणला. त्यानं कोंबडं घेतलं, नारळ घेतला, पोरीच्या नाकात कांदा धरला. आन हितं तिला त्याचं मार्क मिळत व्हतं?"

मुख्याध्यापिकांना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी पुढे गेलो. दुसरीचे एकोणीसशे ऐंशी प्रश्न वेगळे काढले तर अकरा भरतात. उत्तरे शून्य. तिसरीचे प्रश्न चार, उत्तरे चार. अध्यक्षांनी विचारले, उत्तरे मिळाली याला पुरावा काय. मी म्हणालो, अठ्ठावीस साक्षीदार आहेत. एक माझ्या घरची, ती सोडून द्या, सत्तावीस.

साक्षीदार हा शब्द त्यांनी सहा वर्षांत ऐकला नसावा. ते उठले, पगडी नीट केली आणि उलटतपासणीसाठी स्वतः तिसरीच्या वर्गात गेले. आम्ही थांबलो. मळेवाल्यांनी तेवढ्या वेळात मला कोंबड्याचा भाव सांगितला आणि तो कोणत्या खाती टाकायचा, असे विचारले.

अर्ध्या तासाने अध्यक्ष परत आले आणि खुर्चीत टेकले. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन तुकडे, हे त्यांना एका आठ वर्षांच्या मुलीने बाकावर खडूने काढून समजावले होते. दुसऱ्या मुलीला अडवायला त्यांनी काहीतरी आडवे विचारले, तेव्हा ती म्हणाली, मला नाही माहीत, पण शेवटच्या बाकावरचीला माहीत असेल, तिचे वडील लोहार आहेत. आणि शेवटच्या बाकावरचीला ते खरोखर माहीत होते.

"मग काय झालं?" मळेवाल्यांनी विचारले.

अध्यक्ष म्हणाले, "त्यांनी मलाच एक विचारलं. उन्हाळ्यात कोर्टात सगळे काळाच कोट का घालतात. तीस वर्षं घातला मी तो." मग माझ्याकडे वळून, थोड्या पडेल आवाजात, "पुढच्या शनिवारी उत्तर घेऊन बोलावलंय."

ठराव मी लिहिला. तिसरीच्या बाईंना एक नोव्हेंबरपासून कायम करावे. बक्षीस कोणालाच देऊ नये. नोंदवह्या बंद कराव्यात. त्यांतली कोरी पाने पहिलीच्या मुलींना चित्रे काढायला द्यावीत. दुसरीच्या बाईंनी निळ्या आकाशाचे काय ते पाहावे.

लपवालपवीत फुटलेल्या पाट्या मोजल्या त्या चाळीस भरल्या: चौथीच्या तेहतीस, म्हणजे एकीची पाटी दोनदा फुटली, आणि शेवटी शेवटी आपुलकीची नुसतीच तालीम केलेल्या दुसरीच्या सात. दर पाटीला तीन आणे. अध्यक्षांचे साडेसात रुपये त्यात पूर्ण गेले. पाट्यांच्या दुकानदाराला पोचले, पावती घेतली. मळेवाल्यांना कोंबड्याचे काही मिळाले नाही.

बाईंचा कायम झाल्यानंतरचा पहिला पगार, रुपये पंचवीस, नोव्हेंबरअखेर मी माझ्या हाताने दिला. त्यांनी दोनदा मोजला आणि सही केली.